परिचारिकेचे कर्तव्य आणि स्कुटारीचे आकडे

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयांतून मेणबत्त्या लावल्या जातात, परिचारिकांना सेवेची शपथ दिली जाते, कोणी मान्यवर सेवाभावावर भाषण करतात आणि दुसऱ्या दिवशी वेतन, कामाचे तास आणि रिकाम्या जागा हे प्रश्न आदल्या दिवशी होते तेथेच असतात. ज्या स्त्रीच्या जन्मदिवसावरून ही तिथी ठरली, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची स्थितीही काहीशी अशीच झाली आहे. क्रमिक पुस्तकातून त्या आपल्याला भेटतात त्या हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणाऱ्या करुणामूर्ती म्हणून. ते चित्र खोटे नाही, पण त्यात बाईंच्या आयुष्यातील सर्वांत अवघड भाग कोठेच दिसत नाही. रोगाची साथ पसरली असता परिचारिकेने वरिष्ठांचा हुकूम पाळावा की रुग्णाकडे धाव घ्यावी? नियमाने बंद केलेले भांडार उघडावे की नियमाचा मान राखावा? आणि आपल्याच रुग्णालयात माणसे अकारण मरत असतील, तर ते जगाला सांगावे की गप्प राहावे? हे तीनही पेच नाइटिंगेलबाईंच्या वाट्याला आले, आणि तिसऱ्याने त्यांचे उरलेले आयुष्य व्यापून टाकले.

बाईंचा जन्म १८२० सालचा, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला. नावही त्या शहरावरूनच पडले. घराणे इंग्लंडमधील अतिशय श्रीमंत. वडिलांनी मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास घरीच शिकविला. गणिताची ओढ मात्र मुलीची स्वतःची, आणि ती घरच्यांच्या फारशी पसंतीची नव्हती. परिचारिका होण्याचा विचार तर घरात जवळजवळ अभद्र मानला गेला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत हे काम करणाऱ्या स्त्रिया बहुधा निरक्षर, गरिबीने गांजलेल्या आणि पुष्कळदा दारूच्या आहारी गेलेल्या असत, त्यामुळे घरच्यांचा विरोध सर्वस्वी अनाठायी होता असेही म्हणता येत नाही. तरीही १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे सुमारे तीन महिने त्यांनी शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या ऑगस्टमध्ये, लंडनमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली तेव्हा मिडलसेक्स रुग्णालयात जाऊन त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली. साथीशी त्यांची ही पहिली मोठी गाठ.

त्या वर्षी ब्रिटन रशियाविरुद्ध युद्धात उतरले होते. सैन्य क्रिमियात पोहोचण्यापूर्वीच बल्गेरियातील वार्ना येथे पटकीने त्याला गाठले. पुढे हगवण, टायफस, स्कर्व्ही यांची भर पडली. या युद्धात ब्रिटनचे सुमारे २१ हजार सैनिक मृत्युमुखी पडले; त्यांपैकी सुमारे १६ हजार रोगाने. याचाच अर्थ असा की क्रिमियाचे युद्ध हे सैन्याच्या दृष्टीने प्रथम एक साथ होते आणि नंतर युद्ध. आजारी आणि जखमी माणसे जहाजात कोंबून काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावरील स्कुटारी येथे आणली जात. तेथे तुर्कांची एक प्रचंड बराक होती, तिलाच रुग्णालय म्हणावयाचे. वृत्तपत्रांतून या हलाखीच्या बातम्या येऊ लागताच इंग्लंडमध्ये गहजब झाला आणि युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेलबाईंना ३८ परिचारिकांसह तेथे पाठविले. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या पोहोचल्या.

आणि पोहोचताच पहिला पेच. लष्करी डॉक्टरांना या स्त्रिया नको होत्या. त्यांना राहावयास अपुऱ्या, घाणेरड्या खोल्या देण्यात आल्या आणि कामाविषयी कोणी एक शब्द काढीना. अशा वेळी सामान्य सहृदय माणूस काय करील? भिंतीपलीकडे माणसे तळमळत असताना तो आत शिरेल. बाईंनी उलट केले. डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज एकाही परिचारिकेने एकाही रुग्णाला हात लावावयाचा नाही, असा त्यांनी सक्त हुकूम काढला. परिचारिका सदरे आणि झोळ्या शिवीत बसल्या. त्यांच्यातील काहींना हे क्रौर्य वाटले, आणि ते तसे वाटणे स्वाभाविक होते. पण बाईंचा हिशेब वेगळा होता. डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी भांडून आत शिरलो, तर आठवड्याभरात आपली पाठवणी होईल. थांबलो, तर हे दार कायमचे उघडेल. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनीच मदत मागितली. परिणामावरून पाहता बाईंचे गणित बरोबर ठरले. तरी त्या काही दिवसांत, हाताशी परिचारिका असूनही, जे शुश्रूषेवाचून राहिले असतील त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. अर्थशास्त्रात आम्ही वर्तमान आणि भविष्यकालीन लाभाची तुलना सहजपणे शिकवितो. तेथे तराजूच्या पारड्यात माणसे नसतात म्हणूनच ते सहज असते.

दुसरा पेच कोठीचा. लष्कराच्या भांडारात माल असे, पण तो बाहेर काढण्यासाठी मागणीपत्रे, सह्या आणि तपासणी मंडळाची मंजुरी लागे. माल शेजारच्या खोलीत आणि रुग्ण उघडा, अशी अवस्था. येथे मात्र बाईंनी थांबणे नाकारले. लंडनच्या ‘टाइम्स’ने जमविलेला निधी आणि स्वतःजवळचा पैसा त्यांच्या हाती होता. त्यातून त्यांनी सदरे, भांडी, साबण, अन्न बाजारातून विकत आणले. आणखी शेकडो रुग्ण येणार असे कळले तेव्हा मोडकळीस आलेले वॉर्ड दुरुस्त करण्यासाठी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मजूर लावले; खर्चाची मंजुरी नंतर मिळाली. म्हणजे डॉक्टरांचा अधिकार त्यांनी मानला आणि कारकुनी नियम बाजूला सारला. दोन्ही ठिकाणी त्यांची कसोटी एकच होती, रुग्णाला शेवटी काय मिळते ही. नियम मोडणाऱ्या परिचारिकेचे कौतुक करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. बाईंच्या पाठीशी एक मंत्री, एक वृत्तपत्र आणि वडिलांची संपत्ती होती. तालुक्याच्या रुग्णालयातील पगारावर जगणारी परिचारिका भांडाराचे कुलूप तोडू शकत नाही.

दिव्याची गोष्टही येथेच सांगावयास हवी. रात्री आठनंतर कोणत्याही परिचारिकेने पुरुषांच्या वॉर्डात जावयाचे नाही, असा बाईंचा नियम होता. परिचारिकांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याची संधी शोधणारे पुष्कळ होते आणि एका अफवेने सारा उपक्रम बुडाला असता. रात्रीची फेरी त्यामुळे त्या स्वतः घालीत. हातात असे तो तुर्की घडीचा कागदी कंदील. चित्रांत दिसतो तसा तेलाचा सुबक दिवा नव्हे. मरणाऱ्यांच्या घरी त्या पत्रे लिहीत. सैनिकांना आपला पगार घरी पाठविता यावा म्हणून त्यांनी सोय करून दिली. शिपाई पैसे उडवावयाचाच, या अधिकाऱ्यांच्या ठाम समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला. परिचारिकांत कॅथलिक जोगिणी होत्या, अँग्लिकन भगिनी होत्या, पगारी बायका होत्या. मरणाच्या दारातील माणसाच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, हे बंधन सर्वांवर सारखे होते आणि त्यावरून भांडणेही पुष्कळ झाली. डिसेंबरमध्ये न विचारता आणखी चाळीसहून अधिक स्त्रिया येऊन थडकल्या तेव्हा बाई संतापल्या. साथीत हात जितके अधिक तितके चांगले, असे वरवर वाटते. अशिक्षित, बेशिस्त हात हे रुग्णाचे ओझे असतात, असे त्यांचे मत होते. यात त्यांचा हट्टी, हुकमत गाजविणारा स्वभावही होता, हे नाकारण्याचे कारण नाही.

हे सारे चालू असताना माणसे मरतच होती. किंबहुना त्या हिवाळ्यात मृत्यूचे प्रमाण वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत स्कुटारीच्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांपैकी शेकडा ४२ या प्रमाणात मृत्यू होत होते. वॉर्ड स्वच्छ, अंथरुणे धुतलेली, अन्न बरे, परिचारिका अहोरात्र झटणाऱ्या, आणि तरीही हा आकडा. कारण इमारतीच्या पोटात होते. खालची गटारे तुंबलेली, त्यांतील घाण वाऱ्याने वर येणारी, पिण्याच्या पाण्याच्या मार्गात जनावराचे कुजलेले प्रेत, खिडक्या बंद आणि खाटांमध्ये अंतर नाही. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य मंडळ आले. डॉक्टर सदरलंड आणि अभियंते रॉलिन्सन यांनी गटारे उपसली, मृत जनावरे हलविली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. मे महिन्यात बाई स्वतः बालाक्लाव्हा येथे तापाने मरणाच्या दारी जाऊन आल्या. त्या आजाराने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही. काही परिचारिका तर परतल्याच नाहीत.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये बाई इंग्लंडला आल्या त्या राष्ट्राच्या लाडक्या होऊन. त्यांच्या नावाने सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमला होता. त्या वेळी त्यांची समजूत अशी होती की, उपासमार, थंडी आणि अपुरे कपडे यांनी खंगलेली माणसे स्कुटारीला फार उशिरा पोहोचली म्हणून मेली. ही समजूत त्यांच्या लौकिकाला सोयीची होती. मग सैन्याच्या आरोग्याविषयीच्या शाही आयोगासाठी त्या विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञांबरोबर आकडे तपासू लागल्या. सत्य आकड्यांतून बाहेर आले. मोर्चालगतच्या, जेमतेम सोयी असलेल्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीत अधिक माणसे मेली होती. ज्या बराकीत जगाने देवदूत पाहिली, तीच सैन्यातील सर्वांत घातक जागा होती. १८५७ च्या ऑगस्टमध्ये बाई कोसळल्या आणि पुढील अनेक वर्षे बहुतांश काळ अंथरुणातून काम करीत राहिल्या. हे कोसळणे त्या आकड्यांच्या धक्क्याचेच फळ होते, असे ह्यू स्मॉल यांनी १९९८ सालच्या चरित्रात मांडले आहे. सर्व अभ्यासक हे मान्य करीत नाहीत. क्रिमियातील तापाचे दीर्घकालीन परिणामही तसेच असू शकतात. पण आकडे पाहिल्यानंतर त्यांचे लिखाण बदलले, याविषयी शंका घ्यावयास जागा नाही.

या ठिकाणी तिसरा पेच उभा राहिला. हे सांगावयाचे कोणाला? आयोगाचे अध्यक्ष होते सिडनी हर्बर्ट, ज्यांनी त्यांना पाठविले आणि ज्यांच्याच कारकिर्दीत ती रुग्णालये चालली. ज्यांची मुले तेथे मेली त्या आईबापांना, ती वाचू शकली असती असे सांगावयाचे काय? बाईंनी मधला मार्ग काढला. त्यांनी आठशेहून अधिक पानांचा एक अहवाल १८५८ मध्ये खासगी रीतीने छापला आणि निवडक लोकांना दिला. १८५९ मध्ये त्याच आकड्यांवर आधारलेले एक पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. हॅरिएट मार्टिनो या विदुषीला त्यांनी साहित्य पुरविले आणि तिने त्यावरून सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. वर्तुळाच्या बारा पाकळ्या करून, प्रत्येक महिन्याला टाळता येण्याजोग्या रोगांनी किती मेले आणि जखमांनी किती, हे रंगांनी दाखविणारी त्यांची आकृती आजही सांख्यिकीच्या वर्गात दाखविली जाते. आमचे विद्यार्थी ती परीक्षेसाठी काढतात. तिच्यातील निळ्या रंगाच्या अनेक पाकळ्यांत काढणारीने स्वतः शुश्रूषा केलेली माणसे आहेत, हे क्वचितच कोणी सांगते. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले, आणि तो मान मिळविणारी ही पहिली स्त्री.

त्यांनी उघडपणे, स्वतःच्या सहीने, सारे सांगावयास हवे होते काय? माझे मत असे की, तसे केल्याने त्यांचा आत्मा हलका झाला असता आणि बराकी तशाच राहिल्या असत्या. मंत्र्यांना आपल्या बाजूस ठेवूनच त्यांनी सैन्याच्या बराकींतील पाणी, हवा आणि गटारे बदलून घेतली. मात्र हा युक्तिवाद फार सावधपणे वापरावयास हवा, कारण प्रत्येक लपवाछपवी करणारा प्रशासक नेमके हेच म्हणत असतो. फरक एवढाच की बाईंनी नाव लपविले, आकडे लपविले नाहीत.

२०२० हे वर्ष बाईंच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचे वर्ष जाहीर केले होते. त्याच वर्षी कोविड आला आणि हे जुने पेच पुन्हा उभे राहिले. संरक्षक पोशाख पुरेसे नसताना परिचारिकेने वॉर्डात जावे काय? कामावरून घरी जाऊन म्हाताऱ्या सासूच्या शेजारी बसावे काय? एप्रिलमध्ये मुंबईतील एका खासगी रुग्णालयात वीसहून अधिक परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. मे महिन्यात कोलकात्यातील खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका मणिपूर आणि इतर राज्यांतील आपापल्या घरी परतल्या. त्यांना पळपुट्या म्हणणे सोपे आहे. पण कर्तव्य हा दोन बाजूंचा करार असतो. ज्याने संरक्षण, वेतन आणि माणुसकीची वागणूक द्यावयाची, त्याने आपली बाजू पाळली होती काय, हे आधी विचारले पाहिजे. लंडनमध्ये तर एका प्रदर्शन केंद्रात चार हजार खाटांपर्यंत वाढविता येईल असे तात्पुरते रुग्णालय उभारून त्याला नाइटिंगेल यांचेच नाव दिले. पहिल्या लाटेत तेथे जेमतेम पन्नासएक रुग्णांवर उपचार झाले. शहरातील जुन्या रुग्णालयांनी जागा वाढविल्या हे त्याचे एक कारण. अतिदक्षता विभागात काम करू शकतील अशा परिचारिकाच पुरेशा नव्हत्या, हे दुसरे. खाटा दहा दिवसांत येतात, परिचारिका घडावयास वर्षे लागतात.

बाईंची सगळीच मते आज स्वीकारता येणार नाहीत. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून उपजतात, असे त्या दीर्घकाळ मानीत; संसर्गाच्या कल्पनेला आणि विलगीकरणाला त्यांचा विरोध होता. पटकीचा जंतू कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे शोधला. सिद्धांत चुकीचा आणि उपाय बरोबर, असे विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळदा घडते, आणि बाईंच्या बाबतीत ते रुग्णांच्या सुदैवाने घडले. दुसरी गोष्ट अधिक खटकणारी आहे. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. तेथून शिकलेल्या स्त्रिया देशोदेशी गेल्या आणि हे काम प्रतिष्ठेचा व्यवसाय झाले. परंतु पुढे परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी ही मागणी आली, तेव्हा परीक्षेने चारित्र्य मोजता येत नाही म्हणून बाईंनी तिला कडाडून विरोध केला. आज्ञाधारकता हा परिचारिकेचा भूषणावह गुण, ही शिकवणही त्यांच्या शाळेतूनच रुजली. स्वतः मंत्र्यांना धारेवर धरणाऱ्या स्त्रीने आपल्या शिष्यांना मान खाली घालावयास शिकवावे, हा विरोधाभास व्यवसायाला फार महागात पडला. साथीत वॉर्डातील पहिली चूक बहुधा परिचारिकेच्याच डोळ्यांस पडते. ती बोलली तर तिला उद्धट म्हटले जाते.

हिंदुस्थानात बाई कधीच आल्या नाहीत, तरी आयुष्याची चाळीसएक वर्षे त्यांनी या देशाच्या आरोग्यावर खर्च केली. येथील ब्रिटिश सैनिकांत दरवर्षी हजारी ६९ मृत्यू होत, ही गोष्ट १८६३ च्या आयोगाच्या अहवालात त्यांनी पुढे आणली. दहा वर्षांत ते प्रमाण १८ पर्यंत खाली आल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पुढे त्यांचे लक्ष छावणीकडून गावाकडे, दुष्काळ आणि पाटबंधाऱ्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेच्या कायद्यात त्यांनी रस घेतला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी तो पुण्यात होता, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. त्यांनी कोणत्याही शाळेत परिचर्येचे शिक्षण घेतले नव्हते.

नाइटिंगेलबाईंची अखेरची वर्षे अंधत्वात गेली. १९०७ साली ब्रिटनच्या राजाने त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री, परंतु आपणास काय दिले जात आहे हे तोपर्यंत त्यांना नीटसे उमगतही नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या निवर्तल्या. आपला देह वैद्यकीय तपासणीसाठी द्यावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदविली होती. ती पाळली गेली नाही. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाला मात्र कुटुंबीयांनी नकार दिला, आणि ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांच्या थडग्यात त्यांना ठेवण्यात आले. तेथील दगडावर त्यांचे नाव नाही. दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.